पुस्तक, गुरु आणि गिटार



मुलाला किंवा मुलीला गिटार शिकवावी असें घरांत ठरलें, कीं लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. बाजारांत पुस्तकें मिळतात, आणि आतां तर चित्रफितींतूनही धडे मिळतात. मग एकट्या विद्यार्थ्याला पुढ्यांत बसवून शिकविणाऱ्या गुरूला दरमहा फी कशासाठीं द्यावयाची, आणि त्या तासाभरांत त्याच्याकडून कशाची अपेक्षा करावयाची? हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याचें वय जवळजवळ पांचशें वर्षांचें आहे.

1536 सालीं स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरीं लुईस मिलान यांचा एक ग्रंथ छापून निघाला. तो विहुएला या वाद्यासाठीं होता. विहुएला म्हणजे आकारानें गिटारसारखें, पण तांतींच्या सहा जोड्यांचें, खानदानी घरांत वाजणारें वाद्य. ग्रंथाचें नांव त्यांनीं ठेविलें ‘एल् माएस्त्रो’, म्हणजे ‘गुरुजी’. ज्यानें वाद्य कधीं हातीं धरलेलें नाहीं त्याला गुरु ज्या क्रमानें शिकवील, त्याच क्रमानें पुस्तक चालावें, अशी ही योजना होती. ग्रंथ अर्पण केला होता पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला. आपल्या गोव्यावर त्या वेळीं याच राजाचा अंमल होता. पुढें 1674 सालीं सारागोसा येथें गास्पार सान्स यांनीं पांच जोड्यांच्या स्पॅनिश गिटारसाठीं असाच शिक्षणग्रंथ काढला.

या ग्रंथांतील लिपि मोठी सोयीची होती. आडव्या रेघा म्हणजे वाद्यावरील तांती, आणि रेघेवरचा आंकडा म्हणजे कोणत्या पडद्यावर बोट ठेवावयाचें तें. स्वरलेखन न जाणणाऱ्या माणसालाही त्यावरून हात चालवितां येई. परंतु बोट ठेवल्यावर निघालेला नाद गोड आहे कीं खरखरीत, हें त्या आंकड्याला सांगतां येत नाहीं.

ही उणीव किती मोठी आहे, हें एकोणिसाव्या शतकांत उघड झालें. तोंवर जोड्या जाऊन गिटारला सहा एकेरी तांती आल्या होत्या. बार्सिलोनाचे फेर्नान्दो सोर (1778–1839) आणि माद्रिदचे दियोनिसियो आग्वादो (1784–1849) हे त्या काळचे दोन श्रेष्ठ वादक. आग्वादोंनीं आपला शिक्षणग्रंथ 1825 सालीं माद्रिदला प्रसिद्ध केला. सोर यांनीं आपला 1830 सालीं पॅरिसला. आग्वादो नखांनीं वाजवीत; सोर बोटांच्या मांसल टोकांनीं वाजवीत, आणि नखांचा नाद त्यांना सहसा सोसत नसे. आतां हे दोन्ही ग्रंथ पुढें घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यानें काय करावें?

खुद्द त्या दोघांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. पॅरिसमध्यें ते स्नेही झाले आणि एकत्र वाजवूं लागले. सोर यांनीं दोघांसाठीं रचलेल्या एका कृतीचें नांवच ‘दोन मित्र’ असें आहे. नखांनीं वाजविणाऱ्यांत आग्वादो हे अपवाद आहेत, हें सोर यांनीं आपल्या ग्रंथांत मान्य केलें. आग्वादोंनींही 1843 च्या नव्या ग्रंथांत नमूद केलें आहे कीं, सोर यांचें वादन ऐकल्यावर आपण अंगठ्याचें नख वापरणें सोडलें. छापील युक्तिवादानें जें झालें नसतें, तें प्रत्यक्ष ऐकण्यानें झालें.

गिटारच्या बाबतींत गुरूच्या घराला महत्त्व येण्याचें आणखी एक कारण आहे. मोठ्या संगीतशाळांनीं तिला फार काळ दारांत घेतलें नाहीं. माद्रिदच्या राजकीय संगीतविद्यालयांत गिटारचें अध्यापकपद 1935 सालीं रेजिनो साइन्स दे ला मासा यांच्याकडे आलें. पॅरिसच्या विद्यालयांत तिचा वर्ग 1969 सालीं निघाला. फ्रान्सिस्को तार्रेगा (1852–1909) हे 1874 सालीं माद्रिदच्या विद्यालयांत गेले, ते पियानो आणि स्वरसंवादाचें शास्त्र शिकले. गिटारची विद्या त्यांनीं दिली ती खासगी शिकवणींतून. शिक्षणग्रंथ त्यांनीं लिहिलाच नाहीं. 1909 सालीं ते वारले तेव्हां त्यांची रीत मुख्यतः शिष्यांच्या बोटांत उरली होती. 1902 पासून त्यांच्याकडे शिकलेले एमिलियो पुजोल यांनीं ती ग्रंथरूपानें मांडली. त्याचा पहिला भाग ब्वेनोस आयरेस येथें 1934 सालीं निघाला. पण एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अखेरच्या वर्षांत तार्रेगांनीं नखें सोडलीं होतीं, व पुजोलही नखांवांचूनच वाजवीत. त्यांचे दुसरे थोर शिष्य मिगेल ल्योबेत मात्र नखांनीं वाजवीत. गुरु एकच, पण दोन शिष्यांचे दोन नाद!

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं 1901 सालीं लाहोरला आणि 1908 सालीं मुंबईला गांधर्व महाविद्यालय उघडलें, वर्ग भरविले, क्रमिक पुस्तकें छापलीं. त्यामुळें संगीत सभ्य घरांत आलें, हा उपकार मोठाच. तरीही गवई होऊं इच्छिणारा गुरूच्या पुढ्यांत बसून तालीम घेतच राहिला.

कोणी म्हणेल, आंद्रेस सेगोव्हिया (1893–1987) तर आपण स्वतःच स्वतःचे गुरु असें सांगत. खरें आहे, परंतु पुढें इटलींतील सिएना येथें आणि स्पेनमधील सांतियागो येथें त्यांनीही शिष्यांना समोर बसवून शिकविलें.

तेव्हां गुरूकडून काय अपेक्षावें? आरंभींच गाण्याची चाल मिळावी, ही अपेक्षा धरूं नये. पहिले दिवस बैठकीचे, हाताच्या ठेवणीचे आणि एकेका तांतीच्या नादाचे असतात. गुरु किती वाजवून दाखवितो यापेक्षां तो किती ऐकतो, हें पाहावें. दोन मुलांच्या दोन तऱ्हेच्या हातांना तो एकच साचा लावीत असेल, तर त्याच्यांत आणि पुस्तकांत फारसा भेद नाहीं. आणि कांहीं महिन्यांनीं, घरीं एकटें वाजवीत असतां मूल आपण होऊन थांबलें, “हा स्वर बिघडला” म्हणालें आणि तोच पुन्हां वाजवूं लागलें, तर फी सत्कारणीं लागली असें खुशाल समजावें. गुरूचा कान त्याच्याकडे येऊं लागला आहे.