झोपल्यावर सुकाणू कोणाच्या हातात?

आजचा भाग अटलांटिक महासागरातला आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप. बोलताना केलेली बडबड थोडी कापली आहे, सगळी नाही.

सुरुवातीला एक साधा प्रश्न. शिडाच्या एका छोट्या होडीत एकटी व्यक्ती बसलेय. तिला इंग्लंडहून अमेरिकेला जायचंय, म्हणजे सरळ रेषेत धरलं तरी जवळपास 3,000 सागरी मैल. याला महिना-दीड महिना लागणार. मधे थांबायला हॉटेल नाही आणि पाणी इतकं खोल की नांगरही टाकता येत नाही. मग ही व्यक्ती झोपते कधी? आणि ती झोपते तेव्हा होडी कोण चालवतं?

मी पहिल्यांदा या शर्यतींबद्दल वाचायला लागले ते वादळांच्या गोष्टींसाठी. पण जितकं वाचलं तितकं वाटत गेलं की खरी गोष्ट वादळाची नाहीच, झोपेची आहे. आमच्याकडे ऑन-कॉलचा आठवडा असतो, रात्री तीनला फोन वाजतो, उठून सर्व्हर बघायचा आणि परत आडवं व्हायचं. असे सात दिवस काढले की माणूस चहात मीठ टाकतो. ही मंडळी असे चाळीस दिवस काढतात, तेही ओल्या कपड्यांत, तिरक्या झालेल्या बिछान्यावर.

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर जोशुआ स्लोकमने दिलंय. एकट्याने जगाला प्रदक्षिणा घालणारा हा पहिला माणूस. 1895 साली तो अटलांटिक ओलांडत होता. अझोर्स बेटांवर मिळालेले प्लम आणि चीज खाऊन त्याचं पोट असं बिघडलं की तो केबिनमध्ये जमिनीवर पडून राहिला. बाहेर वादळ. डोळे उघडले तर सुकाणूपाशी एक उंच अनोळखी खलाशी उभा! स्लोकमने लिहून ठेवलंय की तो स्वतःला कोलंबसच्या ताफ्यातल्या पिंटा जहाजाचा खलाशी म्हणवत होता, आणि तू निवांत पड, होडी मी सांभाळतो असं सांगत होता. सकाळी बघितलं तर होडी बरोबर दिशेने चालली होती. अर्थात त्यात भूत-बित काही नव्हतं. त्याची स्प्रे नावाची होडी इतकी समतोल होती की सुकाणू दोरीने बांधून ठेवलं तरी ती सरळ जायची. पण प्रत्येक होडी अशी गुणी नसते.

आता येऊया 1960 सालात. ब्लाँडी हॅस्लर नावाचा एक निवृत्त ब्रिटिश मरीन अधिकारी. डिसेंबर 1942 मध्ये, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, याने दहा जणांना घेऊन छोट्या कनूंतून बोर्दो बंदरात शिरून जहाजांना सुरुंग लावण्याची मोहीम केली होती. दहापैकी परत आले फक्त दोन. त्यातला एक हॅस्लर.

तर या माणसाच्या डोक्यात एक शर्यत घोळत होती. होडीत एकच माणूस, इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघायचं आणि न्यूयॉर्क गाठायचं. उलटा प्रवास मुद्दाम निवडलेला. उत्तर अटलांटिकमध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणजे इंग्लंडहून निघालं की तो थेट तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, तिला नागमोडी जावं लागतं, आणि 3,000 मैलांचे सहज 4,000 होतात. हॅस्लरला काही मर्दानगीची स्पर्धा भरवायची नव्हती. कमी माणसांत, कमी श्रमांत होडी चालवता येईल अशी साधनं तयार व्हावीत, हा त्याचा हेतू होता. मला तो इथे एकदम आपल्यातला वाटतो: कंटाळवाणं काम रोज हाताने करण्यापेक्षा ते करणारं काहीतरी एकदाच बनवून टाकू.

पैसे द्यायला कोणी तयार होईना. शेवटी ऑब्झर्व्हर वृत्तपत्राने हात दिला. त्याआधी फ्रान्सिस चिचेस्टर नावाच्या दुसऱ्या एका गड्याने हॅस्लरशी हाफ क्राऊनची पैज लावली होती असं सांगतात. हाफ क्राऊन म्हणजे अडीच शिलिंग. कोणी नाही आलं तर आपण दोघंच जाऊ!

चिचेस्टर तेव्हा 58 वर्षांचा होता. दोनच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला फुप्फुसाचा कर्करोग सांगितला होता. त्याची बायको शीला हिने ऑपरेशनला ठाम नकार दिला आणि त्याला शाकाहारावर ठेवलं. (हे वाचून कोणी घरच्या घरी प्रयोग करू नका. आज अनेकांना शंका आहे की मुळात तो कर्करोग होता का.) तरुणपणी तो छोट्या विमानातून एकटा फिरलेला, दिशा काढण्यात पक्का वाकबगार. होडी कोण चालवणार या प्रश्नाचं उत्तर त्याला सापडलं लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या तळ्यावर. तिथे हौशी लोक खेळण्यातल्या शिडाच्या होड्या सोडायचे आणि त्या होड्या आपल्या आपण दिशा धरून चालायच्या. त्यांच्यावर वाऱ्याने फिरणारं एक पातं असायचं. त्याने तेच मोठं करून आपल्या जिप्सी मॉथ 3 या होडीच्या मागच्या टोकाला बसवलं, वेगळी काठी आणि वेगळं शीड लावून. नाव ठेवलं मिरांडा.

ही युक्ती नीट समजून घेऊया, कारण ती फार सुंदर आहे. पातं वाऱ्याशी एका ठरावीक कोनात लावून ठेवायचं. लाट लागली आणि होडीचं तोंड फिरलं की वाऱ्याचा कोन बदलतो. कोन बदलला की पातं फिरतं, पात्याला बांधलेली दोरी सुकाणूचा दांडा ओढते आणि होडी मूळ कोनात परत येते. आली की पातं पुन्हा शांत. इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टिमचा पेपर दिलेल्यांनी ओळखलं असेल, हा सरळ सरळ फीडबॅक लूप आहे. यात बॅटरी नाही, वायर नाही, कोडची एक ओळ नाही. फक्त एक गोची आहे. पातं वारा पाळतं, नकाशा नाही. रात्री वाऱ्याने दिशा बदलली तर होडीही इमानदारीत त्याच्याबरोबर वळते आणि तुम्ही झोपेत उत्तरेऐवजी दक्षिणेला निघालेले असता. म्हणून एकटे खलाशी बिछान्यावर पडल्या पडल्या दिसेल असं एक होकायंत्र लावतात. डोळा उघडायचा, काटा बघायचा, परत मिटायचा.

11 जून 1960 ला शर्यत सुटली. पाच जण: हॅस्लर, चिचेस्टर, डॉक्टर डेव्हिड लुईस, वेल्समधला दाढीवाला व्हॅल हॉवेल्स, आणि काही दिवस उशिरा पोचलेला फ्रेंच जाँ लाकोंब, ज्याची होडी जेमतेम 21 फुटांची. लुईसची डोलकाठी पहिल्याच दिवशी मोडली. तो परत आला, दुरुस्त करून पुन्हा निघाला आणि 55 दिवसांत पोचला.

चिचेस्टरचे दिवस कसे जायचे बघा. वारा वाढला की पुढे जाऊन मोठं शीड उतरवायचं, छोटं चढवायचं. वारा पडला की उलट. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, हलणाऱ्या डेकवर, एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने स्वतःला धरून. मिरांडा रुसली की तिची वेगळी समजूत काढायची. पुढे न्यूफाउंडलंडजवळ धुकं आणि हिमनगांची भीती. आणि या सगळ्यात गड्याने हिरव्या मखमलीचं एक जाकीट बरोबर नेलं होतं, संध्याकाळच्या जेवणाला घालायला! समोर बसायला कोणी नाही, तरी. मला यात थाट दिसत नाही. एकटं असताना माणूस विस्कटू नये म्हणून ही अशी काहीतरी टाचणी लावून ठेवावी लागते.

40 दिवस आणि 12 तासांनी तो न्यूयॉर्कला पोचला आणि जिंकला. हॅस्लर दुसरा, 48 दिवस. पण माझ्या लेखी 1960 ची खरी नवलाई ही दुसऱ्या नंबराची होडी आहे. 25 फुटांची जेस्टर, तिच्यावर चिनी जंक जहाजांसारखं एकच घडीचं शीड. सगळ्या दोऱ्या एका गोल झडपेपाशी आणलेल्या. हॅस्लर त्या झडपेतून डोकं बाहेर काढून शीड कमी-जास्त करायचा, डेकवर जायची वेळच फारशी यायची नाही. अख्ख्या प्रवासात त्याने जेमतेम तासभर सुकाणू हातात धरलं असं सांगतात. बाकी सगळं काम पात्याचं. पुढे त्याने पाण्याच्या जोरावर चालणारं जे सुधारित यंत्र बनवलं, त्याच तत्त्वावरची विंडव्हेन आजही जगभर होड्यांच्या पाठीला दिसते.

म्हणजे प्रश्न सुटला? थांबा. 1964 ची दुसरी शर्यत. फ्रेंच नौदलातला अधिकारी एरिक ताबार्ली, होडी पेन ड्यूक 2. अर्धी शर्यत व्हायच्या आतच त्याचं स्वयंचलित सुकाणू मोडलं. त्याने कोणाला कळवलं नाही, परत फिरला नाही. झोपेचे तुकडे गोळा करत, उठून उठून होडी सरळ करत तो 27 दिवस 3 तासांत पोचला आणि चिचेस्टरला जवळपास तीन दिवसांनी हरवलं. फ्रान्समध्ये तो रातोरात हिरो झाला. इंग्रजांची ही शर्यत पुढे फ्रेंचांनी जी डोक्यावर घेतली, त्याची सुरुवात इथे झाली.

1968 मध्ये तर गंमतच. जेफ्री विल्यम्स रेडिओवरून आपली जागा कळवायचा, किनाऱ्यावर इंग्लिश इलेक्ट्रिकच्या केडीएफ9 संगणकात हवामानाची माहिती घालून त्याचा रस्ता काढला जायचा आणि त्याला सांगितला जायचा. तो 25 दिवसांत जिंकला. बाकीच्यांनी आरडाओरडा केला की मग एकट्याची शर्यत कसली? आणि पुढच्या शर्यतीत ही सोय बंद झाली. माझं मत विचाराल तर पातं आणि संगणक यांत फरक आहेच. पात्याने त्याला झोपू दिलं, संगणकाने त्याच्यासाठी ठरवलं.

त्याच वर्षी पहिली गोल्डन ग्लोब शर्यतही सुरू झाली, न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा. ती पूर्ण करणारा एकमेव होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याची सुहेली ही होडी सागवानाची, आपल्या मुंबईत बांधलेली. त्याचंही स्वयंचलित सुकाणू अर्ध्या वाटेत मोडलं. मग स्लोकमसारखं शिडांचा समतोल साधत त्याने 312 दिवसांचा प्रवास पुरा केला.

पण यंत्र नीट चालतं तेव्हाच सगळ्यात मोठी भीती असते. एकटा माणूस डेकवरून पाण्यात पडला तर होडी थांबत नाही. पातं आपलं काम चोख करत राहतं, होडी सरळ दिशा धरून निघून जाते आणि माणूस तिची पाठ बघत राहतो. 1976 च्या शर्यतीत दोन जण गेले. एकाची होडी रिकामी सापडली, दुसरा होडीसकट नाहीसा झाला. शिवाय जहाजांचं वेगळंच. मोठं जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर यायला वीसेक मिनिटं पुरतात, म्हणून वर्दळीच्या भागात बरेच जण वीस-वीस मिनिटांचा गजर लावून झोपतात. खरं तर 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला पाचवा नियम सांगतो की जहाजावर सतत पहारा हवा. म्हणजे झोपलेला प्रत्येक एकटा खलाशी नियम मोडतच असतो, आणि शर्यती भरवणाऱ्यांना हे माहीत असतं.

त्याच 1976 मध्ये ताबार्ली पुन्हा आला. या वेळी 73 फुटांची पेन ड्यूक 6, जिच्यावर डझनभर माणसं लागतात, ती त्याने एकट्याने चालवली. यंत्र पुन्हा सुरुवातीलाच बिघडलं. एकामागून एक वादळं. त्याच्याकडून काही खबर नाही, फ्रान्समध्ये लोक धास्तावलेले. आणि 24 व्या दिवशी तो न्यूपोर्टला धुक्यातून बाहेर आला, पहिला.

हा माणूस कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधायचं टाळायचा. जून 1998 मध्ये, शंभर वर्षांच्या आपल्या पहिल्या पेन ड्यूकवर, रात्री शीड बदलताना तो आयरिश समुद्रात पडला. त्या रात्री तो एकटा नव्हता. होडीवर माणसं जागी होती, त्यांनी शोधलं, पण अंधारात तो सापडला नाही. काही आठवड्यांनी एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात त्याचा देह मिळाला.

आज इथेच थांबूया. भेटू पुढच्या भागात.