पेंटबॉल मार्करमधील बिघाड

पेंटबॉल मार्कर हे दाबाखालील वायूच्या जोराने रंग भरलेली जिलेटिनची गोळी फेकणारे खेळाचे साधन आहे. चाप ओढूनही बार फुसका जाणे, गोळी आतच फुटणे किंवा चाप एकदाच ओढला असता अनेक गोळ्या सुटणे हे त्याचे नेहमीचे बिघाड होत. ‘मार्कर’ हे नाव जुन्या उपयोगावरून पडले. अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनीचे असे साधन मुळात झाडांवर व गुरांवर दुरून खूण करण्यासाठी होते. इ.स. १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे त्याचा खेळ म्हणून पहिला सामना झाला. प्रचलित गोळीचा व्यास ०.६८ इंच असतो. तिचा वेग मैदानावर सहसा सेकंदाला ३०० फुटांपेक्षा अधिक होऊ देत नाहीत.

कार्यपद्धती

साध्या यांत्रिक मार्करमध्ये चाप ओढताच ‘सिअर’ नावाची अडण खाली सरकते आणि स्प्रिंगच्या जोराने घोडा पुढे येतो. त्याला जोडलेला बोल्ट गोळी नळीत ढकलतो व घोडा झडपेवर आदळतो. सुटलेल्या वायूचा एक भाग गोळीला पुढे फेकतो, तर दुसरा भाग घोड्याला मागे लोटून पुन्हा अडणीत अडकवतो. बहुतेक बिघाडांचे मूळ या दुसऱ्या भागात सापडते.

कारणे

वायूचा दाब अपुरा पडला, घोड्यावरील रबरी कडे (ओ-रिंग) झिजले किंवा कोरडे पडले, तर घोडा पुरता मागे जात नाही. तो अडणीपर्यंत पोहोचलाच नाही तर पुन्हा पुढे येतो आणि मार्कर आपोआप गोळ्या झाडू लागतो. अडणीची धार झिजली तरी हेच घडते. म्हणून अशा वेळी स्प्रिंग बदलण्याआधी सिलिंडर पाहावा.

कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्या मार्करवर हवामानाचा मोठा परिणाम होतो. सिलिंडरमधील द्रवाचा बाष्पदाब २१° सेल्सिअसला सुमारे ८५० पीएसआय असतो, तर ०° ला तो सुमारे ५०० वर येतो. झपाट्याने गोळ्या झाडल्यानेही सिलिंडर गार पडतो. शिवाय द्रव थेट मार्करमध्ये शिरला तर रबरी कडी गोठून ताठर होतात व गळती सुरू होते. दाबनियंत्रक बसवलेल्या संपीडित हवेच्या सिलिंडरमध्ये ही अडचण फारशी येत नाही.

गळतीची जागा बरेच काही सांगते. नळीतून सतत फुसफुस येत असेल तर झडपेची गादी खराब झालेली असते. सिलिंडरच्या जोडापाशी आवाज येत असेल तर तेथील कडे बदलणे पुरते.

गोळी आत फुटण्यामागे पुष्कळदा दोष गोळीचाच असतो. जिलेटिन ओलावा शोषून फुगते, त्यामुळे कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या गोळ्या नळीत अडकतात. एकाच वेळी दोन गोळ्या आत येत असतील, तर त्यांना थोपवणारी लहानशी टोपी वा पट्टी झिजलेली असते. विद्युतचलित मार्करमध्ये उतरलेली बॅटरी आणि रंगाने माखलेला प्रकाशसंवेदक प्रथम तपासावा.

दुरुस्तीपूर्वीची दक्षता

नळीवर आवरण आणि डोळ्यांवर संरक्षक मुखवटा असल्याखेरीज बिघडलेल्या मार्करला हात लावू नये. नळीत डोकावून पाहणे तर सर्वथा वर्ज्य होय. आधी गोळ्यांचा डबा काढावा, मग सिलिंडर सोडवावा आणि सुरक्षित दिशेने चाप ओढून आत उरलेला वायू बाहेर घालवावा. सिलिंडर फिरवताना त्याची झडप त्याच्यासोबतच फिरली पाहिजे. झडप मार्करला चिकटून राहिली व बाटली तेवढी सुटू लागली, तर ती प्रक्षेपकासारखी उडते. अमेरिकेत यातून मृत्यू झालेले आहेत. यासाठी झडप व बाटली यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसताच काम थांबवून सिलिंडर जाणकाराकडे द्यावा.

वंगण म्हणून उत्पादकाने सांगितलेलेच तेल वापरावे. घरातील गंज काढणाऱ्या फवाऱ्याने रबरी कडी फुगतात आणि बिघाड वाढतो.