स्कूटरला बाहेरून बसवलेला एलईडी लाइट बंद पडला? दोष कसा शोधायचा, दुरुस्ती कशी करायची?

चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोलीला जाणारा रस्ता असो की ताडोबाकडे वळणारा मोहर्लीचा, बराच भाग जंगलातून जातो. अंधार पडल्यावर चितळ, रानडुक्कर, नीलगाय कधीही रस्त्यावर येतात आणि वाघही दिसतो. त्यामुळे या भागातले अनेक जण स्कूटरला बाहेरून जादा एलईडी लाइट बसवून घेतात. बोलीत त्याला 'फॉग लाइट' म्हणतात. हा लाइट पावसाळ्यात किंवा खराब रस्त्यावर हमखास दगा देतो. मग नवा लाइट विकत आणला जातो आणि काही महिन्यांत तोही बंद पडतो.

याचं कारण साधं आहे. बिघाड बहुतेक वेळा लाइटमध्ये नसतो, तो वायरिंगमध्ये असतो.

लाइट का बंद पडतो?

स्कूटरची बॉडी मोठ्या प्रमाणात प्लास्टिकची असते, म्हणून लाइटची निगेटिव्ह वायर, म्हणजे अर्थिंग, आतल्या लोखंडी चेसिसच्या एखाद्या बोल्टला जोडतात. तिथे रंग असेल किंवा गंज चढला, तर करंटचा परतीचा मार्ग तुटतो.

दुसरी कमकुवत जागा म्हणजे हँडलजवळची वायर. हँडल रोज शेकडो वेळा वळतं. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं, पण आतली तांब्याची तार तुटलेली असते. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोडणी पावसाचं पाणी शिरून काळी पडते. उभ्या गाडीतली वायर उंदीर कुरतडतात, हेही गावात नेहमीचंच.

दोष शोधण्याचा क्रम

इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी एवढ्यावर 'टेस्ट लॅम्प' तयार होतो. मल्टिमीटर असेल तर उत्तमच. काम दिवसा, घरी करावं. वायर सोडताना किंवा जोडताना चावी बंद ठेवावी, फक्त तपासण्यापुरती चालू करावी.

१. फ्यूज पाहा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. तोही लगेच उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट होतेय. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कागद कधीही लावू नये. त्याने फ्यूज वाचतो, पण वायर जळते आणि गाडीला आग लागू शकते.

२. हँडल हलवून पाहा. लाइट चालू करून हँडल डावी-उजवीकडे वळवा. लाइट लुकलुकला तर तुटलेली तार त्याच भागात आहे.

३. लाइटपर्यंत करंट येतो का? लाइटचा कनेक्टर सोडून त्याच्या पॉझिटिव्ह वायरवर टेस्ट लॅम्पचं एक टोक आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरं टोक लावा. स्विच चालू केल्यावर बल्ब पेटला, तर लाइटपर्यंतची वायर ठीक आहे. पेटला नाही, तर स्विच, रिले आणि मधली वायर एकेक करून तपासा.

४. अर्थिंग तपासा. कनेक्टर परत जोडून लाइटच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी वायर लावा. लाइट लगेच पेटला, तर दोष अर्थिंगचा. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि घट्ट आवळा.

५. शेवटी लाइट. तो गाडीवरून सोडून, मध्ये फ्यूज ठेवून, थेट बॅटरीला लावा. एलईडीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट चालत नाही. वायरी बरोबर लावूनही पेटला नाही, तर लाइटच खराब आहे. स्वस्त लाइट गोंदाने बंद केलेले असतात. ते उघडत बसण्यापेक्षा बदलणं परवडतं. काचेत फक्त वाफ साचली असेल, तर लाइट पूर्ण वाळवून कडेने सिलिकॉन लावता येतं.

पुन्हा बिघडू नये म्हणून

तुटलेली वायर सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी. हँडलजवळ वायर थोडी सैल ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मूळ हेडलाइटची वायर कापून त्यातून जादा लाइटला करंट देऊ नये. तसं केल्यास जादा लाइट शॉर्ट झाला की मूळ हेडलाइटही विझू शकतो. जंगलाच्या रस्त्यावर याचा अर्थ पूर्ण अंधार. शिवाय अनेक जुन्या स्कूटरच्या हेडलाइटला मॅग्नेटोमधून थेट एसी करंट जातो. त्यावर साधा एलईडी लुकलुकतो आणि लवकर जळतो.

योग्य जोडणी अशी: बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच स्वतंत्र फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून लाइटकडे. ८६ ला स्विचमधून येणारी वायर आणि ८५ ला अर्थिंग. स्विचला करंट चावीनंतरच्या वायरवरून द्यावा, म्हणजे चावी काढली की लाइट बंद होतो.

बॅटरी किती सोसते?

२० वॉटचे दोन लाइट म्हणजे ४० वॉट. १२ व्होल्टवर ते सुमारे ३.३ अँपिअर करंट घेतात. त्यासाठी ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. पेट्रोल स्कूटरची बॅटरी साधारण ३ ते ५ अँपिअर-तासांची असते. इंजिन बंद ठेवून हे लाइट तासभर चालले, तरी गाडी सेल्फवर सुरू होणार नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. म्हणून लाइट बसवण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं.

झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाता कामा नये. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. भिंतीवरच्या झोताचा मध्य लाइटच्या उंचीपेक्षा खाली पडला पाहिजे. समोरून वाहन आलं की जादा लाइट बंद करावा. प्रखर झोतात प्राणीही गोंधळतो आणि पळण्याऐवजी जागीच थांबतो.

लाइट जंगलातच बंद पडला तर?

जंगलाच्या पट्ट्यात उतरून वायरी उघडत बसू नये. जादा लाइटचा स्विच बंद करून मूळ हेडलाइटवर हळू जावं आणि पुढच्या गावात थांबावं. मूळ हेडलाइटही गेला, तर इंडिकेटर चालू ठेवून रस्त्याच्या कडेला थांबावं आणि येणाऱ्या वाहनाची मदत घेऊन त्याच्या मागोमाग निघावं.

वेगाचं गणितही लक्षात ठेवावं. ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेक मारायचं सुचून गाडी थांबेपर्यंत साधारण ४० मीटर जातात, ताशी ४० वर त्याच्या निम्म्याच्या आसपास. लाइट कितीही चांगला असला, तरी झाडीतून अचानक आडवं आलेलं जनावर त्यात शेवटच्या क्षणीच दिसतं. तिथे कमी वेगच कामी येतो.