नुसत्या मांसावर एक वर्ष

मटणाच्या दिवशी आम्हा बायांच्या वाट्याला बहुतेक वेळा रस्साच येतो. तरी प्रश्न पडतोच, की भाकरी-भाजी सोडून माणूस नुसत्या मांसावर जगेल का?

जगतो. उत्तर ध्रुवाकडे शेती नाही. तिथले इन्युइट लोक मुख्यतः मासे, सील, हरीण खाऊन राहत. त्यांच्यात राहून आलेल्या स्टेफान्सन नावाच्या संशोधकावर कोणी विश्वास ठेवेना. म्हणून १९२८ साली तो आणि त्याचा जोडीदार अँडरसन न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर मांसावर राहायला तयार झाले. आधी स्टेफान्सनला चरबी काढलेलं मांस दिलं, तर दोन-तीन दिवसांतच जुलाब आणि मळमळ! चरबी सुरू केल्यावर तो सावरला. कलेजी, भेजाही ते खात. वर्षअखेरी दोघंही ठणठणीत होते, हिरड्या सुजून रक्त येण्याचा स्कर्व्ही रोगही झाला नाही. कॅल्शियम मात्र पोटात फारच कमी गेलं. इन्युइट लोक हाडंही चावून खात, यांनी ती खाल्ली नव्हती.

खर्च मांसविक्रेत्या कंपन्यांच्या संघटनेने केला होता, हेही सांगायला हवं. आणि तपासले ते दोन धडधाकट पुरुष. कॅल्शियम जिला जास्त लागतं, ती पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई त्यात एकही नव्हती.