फुटकी कवडी

कपबशी फुटली की आमची सौ. म्हणते, "मेला फुटला! नाहीतरी कवडीमोलाचाच होता." बोलते ते अगदी शास्त्रशुद्ध. कारण 'पोर्सेलिन' हा शब्द आला इटालियन 'पोर्चेल्लाना'वरून आणि त्याचा मूळ अर्थ कवडी! चिनी भांड्यांची तुकतुकी कवडीसारखी, म्हणून तेच नाव भांड्यांना चिकटलं. मार्को पोलोने तर एकाच प्रवासवर्णनात दोन्हींसाठी हा शब्द वापरलाय. म्हणजे फुटकी कवडी ती हीच.

आता कवडीला तरी हे नाव का? तर 'पोर्चेल्ला' म्हणजे डुकराचं मादी पिल्लू. कवडीची गोलाई पाहून कुणा इटालियनाला ते आठवलं म्हणे. हे झालं सोवळं स्पष्टीकरण. ओवळंही एक आहे, पण पुस्तक घरातली मुलंबाळंही वाचणार. तेव्हा एकादशीची खिचडी कशात वाढायची, ते ज्याचं त्याने ठरवावं.

चिनी मातीचं शास्त्रीय नाव केओलिन. चीनमध्ये चिंगदेचेन या कुंभारांच्या गावाजवळ गाओलिंग, म्हणजे 'उंच डोंगरकडा', नावाची जागा आहे. दांत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२ साली तिथलं गुपित पत्रातून मायदेशी कळवलं. (धर्मप्रसारातून त्याला वेळ कसा मिळाला कोण जाणे!) पुढे हा डोंगर गुळगुळीत कागदात गेला आणि जुलाबाच्या औषधातही.

खरी गंमत कपावरच्या निळ्या नक्षीत आहे. तो निळा रंग कोबाल्टचा आणि कोबाल्ट म्हणजे 'कोबोल्ड', जर्मन खाणीतलं भूत! दगड दिसे चांदीचा, पण भट्टीत घातला की चांदी तर नाहीच, वर विषारी धूर. तो धूर सोमलाचा होता. माणसं खंगत, पण दोष मात्र भुताला. आपल्याकडेही चौकशी समिती याहून वेगळं काय करते?

निकेलही त्याच बिरादरीतलं. तांब्यासारखा दिसणारा दगड तांबं देईना, म्हणून खाणकामगारांनी त्याला 'कुप्फरनिकेल', म्हणजे तांब्यातलं भूत, अशी शिवी दिली. १७५१ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेटने त्यातून नवा धातू काढला, तांबं गाळलं आणि शिवी तेवढी ठेवली. प्रजासत्ताक भारताचा १९५० सालचा पहिला रुपया निघाला तो शुद्ध निकेलचा. आमच्या कॅशखात्यातले एक जुने शिरस्तेदार संध्याकाळी हिशेब जुळला नाही की "आज भूत बसलंय" म्हणायचे, ते उगाच नाही.