बर्फ सुटला, मग बास कधी?

सुरुवातीलाच एक खुलासा. हा 'बास' म्हणजे जेवताना आजी वाढत असते आणि आपण ताटावर हात आडवा धरून म्हणतो ते 'बास' नव्हे. हा अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा, ब्लॅक बास. त्याचे मुख्य प्रकार दोन, मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आमच्यासारख्यांना मार्च संपता संपता एक प्रश्न हमखास ऐकू येतो. तळ्यावरचा बर्फ गेला, आता गळ टाकायला कधी जायचं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. म्हटलं, या वीकांताला तोच लिहावा.

पहिला पुरावा हेन्री डेव्हिड थोरोचा. वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला हा माणूस आपल्याला तत्त्वज्ञ म्हणून माहीत असतो, पण गडी डेटा गोळा करण्यात पक्का होता. वॉल्डनचा बर्फ पूर्ण सुटल्याच्या तारखा त्याने वर्षावर्षाने लिहून ठेवल्या. १८५२ मध्ये १८ एप्रिल, आणि लगेच पुढच्या १८५३ मध्ये २३ मार्च. एका वर्षात २६ दिवसांचा फरक! त्याने ६ मार्च १८४७ ला तळ्यांमध्ये थर्मामीटरही घातला. फ्लिंट्स पाँड नावाच्या शेजारच्या तळ्याच्या मध्यभागी साडेबत्तीस अंश फॅरनहाइट भरलं, तर काठाजवळच्या उथळ पाण्यात, फूटभर जाड बर्फाच्या खाली, ३६. म्हणजे बर्फ असतानाच उथळ पाणी पुढे निघालेलं असतं. हा साडेतीन अंशांचा फरक आजही गळवाल्यांच्या कामाचा आहे.

कारण मासा कॅलेंडर बघत नाही. पाणी सर्वात जड असतं ते ४ अंश सेल्सियसला, म्हणून हिवाळ्यात तळाशी ४ अंशांचं पाणी आणि वर बर्फ अशी मांडणी असते. बर्फ सुटला की वरचं पाणी तापत ४ अंशांवर येतं, वारा सगळं तळं ढवळून काढतो आणि सगळीकडे सारखंच गार पाणी होतं. या दिवसांत बास सुस्त असतो. थंड रक्ताचा प्राणी, त्याला भूकच कमी. पाणी १० अंशांच्या आसपास आलं की तो उथळ भागाकडे सरकतो आणि खायला लागतो. हा खाण्याचा सपाटा अंडी घालण्याआधीचा. लहान तोंडाचा बास साधारण १३ ते १८ अंशांत अंडी घालतो, मोठ्या तोंडाचा थोडा उशिरा, १५ अंशांच्या पुढे.

आता गंमत अशी की न्यू इंग्लंडमधल्या बहुतेक तळ्यांत हा मासा मूळचा नाहीच. त्याच्या शास्त्रीय नावापासूनच घोळ आहे. १८०२ मध्ये लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे जो नमुना आला त्याचा पाठीवरचा पर मोडलेला होता. मोडका तुकडा म्हणजे वेगळा छोटा परच, असं समजून त्याने नाव ठेवलं मायक्रोप्टेरस, छोट्या पराचा. एका खराब सॅम्पलवरून ठेवलेलं नाव दोनशे वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे!

१८५० मध्ये सॅम्युअल टिस्डेल नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या सॅराटोगा तळ्यातून २७ बास मॅसॅच्युसेट्समध्ये आणून सोडले. १८५४ मध्ये जनरल विल्यम श्रायव्हर यांनी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीतून बास डोंगरापलीकडे नेऊन पोटोमॅकच्या खोऱ्यात पोचवले. पुढे १८८१ मध्ये जेम्स हेन्शल या डॉक्टरने ब्लॅक बासवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ट्राउटपुढे दुय्यम मानला जाणारा हा मासा प्रतिष्ठित झाला. १९२५ मध्ये तो जपानच्या आशी तळ्यातही पोचला. तिथे मूळच्या माशांना त्याचा इतका त्रास झाला की २००५ पासून जिवंत बास पाळायला किंवा इकडून तिकडे न्यायला कायद्याने बंदी आहे. आणि तरी जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारा, सुमारे १० किलोचा बास २००९ मध्ये मिळाला तो जपानच्याच बिवा तळ्यात!

तर असा हा मासा, माणसाने आगगाडीतून फिरवलेला. पण त्याच्या विणीच्या काळात काय होतं ते बघितलं की गळ हातातच राहतो. नर शेपटीने तळ झाडून वाटीसारखं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. त्यानंतर अंडी आणि पिल्लं सांभाळायची ती नराने, तीही आठवडे. या काळात तो जवळपास उपाशी असतो. गळावर झडप घालतो ती भुकेने नाही, घरट्याजवळ आलेल्या कशालाही हाकलायला. म्हणूनच तो तेव्हा सर्वात सहज सापडतो. त्याला उचललात की आजूबाजूचे सनफिश काही मिनिटांत अंडी फस्त करतात. फोटो काढून मासा सोडला तरी मागे घर रिकामं झालेलं असू शकतं.

यावर कायद्याने तारखा घातल्या. न्यू हॅम्पशायरमध्ये १५ मे ते १५ जून बास पकडला तर लगेच सोडायचा, आणि आमिष कृत्रिमच हवं. मिशिगनने २०१५ पासून पकडून लगेच सोडायला वर्षभर परवानगी दिली, घरी न्यायचा हंगाम मात्र उशिरा. आमच्या भाषेत सांगायचं तर कायद्याने तारीख हार्डकोड केली आणि मासा चालतो सेन्सरवर. न्यू हॅम्पशायरच्याच विनिपेसॉकी तळ्यावर बर्फ सुटल्याची नोंद १८८७ पासून आहे. १८८८ मध्ये तो सुटला १२ मे ला, २०१६ मध्ये १८ मार्चला. पाणी असं लवकर तापायला लागलं तर घरटीही लवकर होणार, आणि १५ मे ची तारीख तिथेच उभी. आपले कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग होड्या लोटतात. तीही तारीखच, पण ती पाळताना डोळा समुद्राकडे असतो.

मग जायचं कधी? माझ्यापुरतं उत्तर असं. बर्फ सुटल्याची बातमी म्हणजे फक्त घरातला थर्मामीटर शोधायचा निरोप. उत्तरेकडच्या काठाची उथळ, काळ्या चिखलाची खाडी गाठा, कारण दक्षिणेचं ऊन तिथे सर्वात आधी पोचतं. दुपारी पाणी १० अंशांवर गेलं की सुरुवात करा, आमिष हळू ओढा. उथळ पाण्यात झाडून स्वच्छ केलेल्या गोल वाट्या दिसायला लागल्या की तो काठ सोडून द्या, कायदा हो म्हणत असला तरी.

आणि एक, होडीतून जाणार असाल तर लाइफ जॅकेट घालाच. मॅसॅच्युसेट्समध्ये कनू आणि कयाकवाल्यांना १५ सप्टेंबर ते १५ मे ते सक्तीचंच आहे. वर २० अंशांचं छान ऊन असतं, खाली पाणी असतं ६ अंशांचं. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटाला श्वासच आवरत नाही, आणि थोड्या वेळाने हातपायही ऐकेनासे होतात, पोहता येत असलं तरी.

असो. हवामानाच्या ॲपमध्ये हवेचं तापमान दिसतं, पाण्याचं नाही. तेवढ्यासाठी काठावर जाऊन हात बुडवावा लागतो.