आधी देव, मग संसार? फ्रान्झ आणि फ्रांझिस्का

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप.

ख्रिस्ती घरांत एक शिकवण लहानपणापासून कानावर पडते: आधी देव, मग आपलं सुख. ऐकलं की डोळ्यांपुढे जगाला विटलेला कुणीतरी संन्यासी येतो. आजचा आपला माणूस तसा बिलकूल नाही. फ्रान्झ येगरश्टेटर, जन्म 1907, ऑस्ट्रियातल्या सांक्त राडेगुंड या छोट्या गावचा शेतकरी. गावात पहिली मोटरसायकल आणणारा पठ्ठ्या. तरुणपणी मारामाऱ्या केलेला, लग्नाआधीच एका मुलीचा बाप झालेला.

1936 मध्ये त्याचं फ्रांझिस्काशी लग्न झालं. हनिमूनला दोघं रोमला गेली. पुढच्या चार वर्षांत तीन मुली झाल्या. नवरा-बायकोची पत्रं आज उपलब्ध आहेत. ती वाचली की कळतं, या माणसाकडे सोडण्यासारखं खूप काही होतं. पेरणी, गुरं, मुलींच्या खोड्या, सगळं त्यात आहे. दोघंही भाविक होती, पण लग्नानंतर फ्रान्झची श्रद्धा जास्तच पक्की झाली. म्हणजे देव आणि संसार यांचं त्याच्या घरात भांडण नव्हतं. ते बाहेरून आलं.

हिटलरचं जन्मगाव ब्राउनाउ याच जिल्ह्यातलं. 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडायचा की नाही यावर मतदान झालं, तेव्हा गावात विरोधी मत देणारा फ्रान्झ एकटाच. पुढे त्याला सैन्यात बोलावलं, प्रशिक्षणही झालं, शेतीसाठी सूट मिळून तो 1941 मध्ये घरी आला. तोवर त्याचं ठरलं होतं: हे युद्ध अन्यायाचं आहे, पुन्हा बोलावलं तर हिटलरसाठी लढायचं नाही.

आता खरी गंमत बघा. त्याला समजावणारे नाझी नव्हते, आपलेच लोक होते. आई, नातेवाईक, ओळखीचे पाद्री. तो लिंझच्या बिशपना, योसेफ फ्लीसर यांना भेटायला गेला. बिशप म्हणाले, युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणं तुझं काम नाही, तुझी जबाबदारी तुझं कुटुंब. मला हा युक्तिवाद फालतू वाटत नाही. तीन चिमुरड्या मुलींच्या बापाला आणखी काय सांगणार?

फ्रान्झने याचं उत्तर वहीत लिहून ठेवलंय. त्याचा मथितार्थ असा: बायको-मुलं आहेत म्हणून देवाचा अपराध करायची मुभा मिळत नाही. बायबलमध्ये येशू म्हणतो की आई-बाप किंवा मुलांवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करणारा मला योग्य नाही. फ्रान्झने ते शब्दशः घेतलं. पण मरायची हौस त्याला नव्हती. सैन्यात वैद्यकीय सेवा करायला तयार आहे, असं त्याने सांगितलं होतं. कोर्टाने तिकडे लक्षच दिलं नाही.

1 मार्च 1943 ला तो एन्स इथल्या छावणीत हजर झाला आणि लढायला नकार दिला. तिथून लिंझचा तुरुंग, मग बर्लिन. 6 जुलैला फाशीची नव्हे, शिरच्छेदाची शिक्षा. बर्लिनच्या तुरुंगात त्याला कळलं की फ्रान्झ रायनिश नावाच्या एका पाद्र्यानेही शपथ नाकारून आदल्या वर्षी मरण पत्करलंय. तेव्हा त्याला हायसं वाटलं. इतके दिवस तो स्वतःला एकटाच समजत होता! 9 ऑगस्टला ब्रांडेनबुर्गमध्ये त्याला मारलं. वय 36.

युद्ध यामुळे एक मिनिटही लवकर थांबलं नाही. आणि बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं? फ्रांझिस्काच्या. आधी तिनेही त्याला विनवलं होतं. मग, मी साथ सोडली तर याला कुणीच उरणार नाही, हे ओळखून ती पाठीशी उभी राहिली. जुलैमध्ये बर्लिनला जाऊन शेवटचं भेटून आली. नंतर तीन मुली, सासू आणि शेती तिच्या एकटीच्या अंगावर. नवऱ्याच्या मरणाला हीच जबाबदार, असं गावातले काही जण म्हणायचे. विधवेचं पेन्शन 1950 पर्यंत नाकारलं गेलं. फ्रान्झने देवाला पहिलं ठेवलं हे खरं, पण त्या 'आधी देव'मध्ये तिचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

युद्धानंतर धर्मप्रांताच्या पत्रात त्याच्याबद्दल लेख येणार होता. बिशप फ्लीसर यांनी तो अडवला. कर्तव्य म्हणून लढून मेलेले तरुण त्यांना मोठे वीर वाटत होते. जगाला फ्रान्झ कळला तो 1964 मध्ये, गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या पुस्तकामुळे. 1997 मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने शिक्षा रद्द ठरवली. आणि 26 ऑक्टोबर 2007 ला त्याच लिंझच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला 'धन्य' घोषित केलं. 94 वर्षांची फ्रांझिस्का त्या सोहळ्याला हजर होती. 2013 मध्ये, शंभरी गाठून, ती गेली.

टेरेन्स मॅलिकचा 'अ हिडन लाइफ' (2019) याच दोघांवर आहे. जवळजवळ तीन तासांचा आणि संथ आहे, तेव्हा मोबाइलवर दीडच्या स्पीडने बघू नका, प्लीज.